विश्लेषण : नागपूरचे पहिले रघुजी भोसले कोण होते? त्यांची आठवण विदर्भात आणि बंगालमध्ये इतकी वेगळी का?

इटियाडोह (जि. गोंदिया) : लंडनमधील लिलावात निघालेली पहिल्या रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये सुमारे ४७ लाख रुपये मोजून विकत घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत दाखल झाली आणि नागपूरच्या भोसल्यांचे नाव पुन्हा चर्चेत आले. राज्याच्या पूर्व टोकावरच्या झाडीपट्टीत मात्र हे नाव कधी पुसलेच गेले नव्हते.

गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण, जवळच्या डोंगरावरचा गोंडकालीन समजला जाणारा प्रतापगड, कोहळी समाजाने बांधलेले मोठमोठे तलाव आणि वैनगंगेच्या खोऱ्यातली धानाची शेती हा सगळा टापू अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोंड राजांच्या सत्तेखाली होता. देवगड आणि चांदा ही दोन गोंड राज्ये या भागात एकमेकांना भिडत होती. अवघ्या १५ वर्षांत दोन्ही राज्ये नागपूरकर भोसल्यांच्या हातात गेली आणि त्यांच्या फौजा थेट बंगालच्या राजधानीपर्यंत जाऊन धडकल्या.

हे घडवून आणणारे रघुजी भोसले नेमके कोण होते? त्यांच्या लढाया कशासाठी होत्या? ज्यांना विदर्भ राज्याचा संस्थापक मानतो, त्यांच्या स्वारांचे नाव बंगालमध्ये मुलांना झोपवण्याच्या गाण्यात भीती म्हणून का आले? जाणून घेऊया.

सातारच्या भोसल्यांशी नाते काय?

नागपूरकर भोसले हे मूळचे हिंगणी बेरडीचे, म्हणून त्यांना हिंगणीकर भोसले म्हणतात. सातारच्या छत्रपतींचे घराणे वेगळे. १७०७ मध्ये छत्रपती शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा सुरुवातीलाच त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या सरदारांत परसोजी भोसले होते. घराण्याकडे सेनासाहेब सुभा हा किताब आला आणि वऱ्हाड व गोंडवनाच्या मुलखात चौथाई वसूल करण्याचा हक्कही आला.

परसोजींनंतर त्यांचे पुत्र कान्होजी गादीवर आले. आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील भाम हे त्यांचे ठाणे. रघुजी हे याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील बिंबाजी भोसले यांचे पुत्र. कान्होजींना बराच काळ मूल नव्हते, तोवर रघुजी त्यांच्याजवळच वाढले. पुढे कान्होजींना मुलगा झाला आणि रघुजींचे तिथले महत्त्व संपले.

मग त्यांनी बाहेरची वाट धरली. काही काळ देवगडच्या गोंड राजाकडे आणि एलिचपूरच्या नवाबाकडे चाकरी केली आणि शेवटी साताऱ्यात शाहू महाराजांच्या पदरी ते आले. देवगडच्या दरबारात घालवलेला काळ पुढे फार उपयोगी पडला. त्या राज्यातले किल्ले, वाटा आणि घरातली भांडणे त्यांना आधीच ठाऊक झाली होती.

सेनासाहेब सुभा हे पद कसे मिळाले?

शाहू महाराजांची मर्जी बसल्यावर त्यांच्या सासरच्या शिर्के घराण्याशी रघुजींची सोयरीक जुळली. दुसरीकडे कान्होजींचे साताऱ्याशी बिनसत गेले. वसुलीचा हिशेब आणि हुकूम पाळणे या दोन्ही गोष्टींवरून तंटा वाढला. अखेर त्यांना पकडून आणण्याचे काम शाहू महाराजांनी रघुजींवरच सोपवले.

ज्यांच्या घरात वाढले, त्यांच्यावरच चालून जाण्याची ही वेळ होती. आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील वणीजवळ मंदर येथे लढाई झाली. कान्होजी हरले आणि कैदेत गेले. १७३१ च्या सुमारास सेनासाहेब सुभा हे पद रघुजींकडे आले.

या पदाबरोबर मिळाला तो मुख्यतः हक्क. ठरावीक मुलखात फौज घेऊन जायचे, वसूल करायचे आणि त्यावर फौज पोसायची, ही त्या काळच्या मराठा सरदारांची रीत होती. फौज मोठी ठेवायची तर वसूल वाढवावा लागे, आणि वसूल वाढवायचा तर आणखी दूर जावे लागे. रघुजींच्या पुढच्या सगळ्या स्वाऱ्यांमागे हे गणित होते.

देवगडचे गोंड राज्य त्यांच्या हातात कसे गेले?

नागपूर शहराचा पाया देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी घातला. त्यांचे पुत्र चांद सुलतान यांच्या काळात नागपूर हे राजधानीचे ठिकाण झाले. चांद सुलतान यांच्या निधनानंतर घरात फूट पडली. वली शाहने थोरल्या राजपुत्राला, मीर बहादूरला, मारून गादी बळकावली. चांद सुलतान यांच्या विधवा राणी रतनकुंवर यांनी आपल्या दोन मुलांच्या हक्कासाठी रघुजींची मदत मागितली.

रघुजी मदतीला आले. आजच्या भंडारा जिल्ह्यातील पवनीचा वेशी-तटबंदीचा किल्ला त्यांनी घेतला, मग भंडाऱ्याचा किल्ला आणि त्यानंतर देवगड. वली शाह कैद झाला. बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह या दोघा भावांना राज्य परत मिळाले. मदतीच्या बदल्यात रघुजींना मोठी रक्कम आणि राज्याचा तिसरा हिस्सा मिळाला. राणीने त्यांना तिसरा मुलगा मानून वाटा दिला, असे परंपरा सांगते.

व्यवस्था टिकली नाही. थोड्याच वर्षांत दोघा भावांत वाद पेटला. १७४३ मध्ये रघुजी बुऱ्हाण शाहच्या बाजूने उतरले. विरोधी बाजूचा दिवाण रघुनाथसिंग मारला गेला आणि अकबर शाह हैदराबादकडे निघून गेला. यानंतर नागपूरचा कारभार पूर्णपणे रघुजींच्या हातात आला.

बुऱ्हाण शाहला मात्र त्यांनी हटवले नाही. राजा हा मान, राहण्याचे ठिकाण आणि उत्पन्नाचा वाटा त्याच्याकडे राहिला. गोंड राजघराणे नागपुरातच नांदत राहिले. रघुजी स्वतः राजा म्हणून गादीवर बसले नाहीत. कागदोपत्री ते छत्रपतींचे सेनासाहेब सुभा आणि गोंड राजाचे रक्षक राहिले. गोंड प्रजेची आणि जमीनदारांची निष्ठा जुन्या घराण्याशी होती. ते घराणे समोर ठेवून राज्य करणे लढत बसण्यापेक्षा सोपे होते.

मदतीला बोलावलेला सरदार मालक झाला, ही या घटनेची दुसरी बाजू. राणी रतनकुंवर यांनी मुलांसाठी मागितलेल्या मदतीची किंमत पूर्ण राज्य देऊन चुकवावी लागली.

चांद्याचे काय झाले?

दक्षिणेकडचे चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, हे दुसरे मोठे गोंड राज्य. तिथला राजा नीलकंठ शाह याने देवगडच्या भांडणात रघुजींच्या विरोधकांना साथ दिली होती. १७४९ मध्ये त्याला शरण यावे लागले. त्याने पुन्हा उठाव केला, तेव्हा १७५१ मध्ये चांद्याचे राज्य खालसा झाले आणि नीलकंठ शाहला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले गेले. देवगडच्या राजासारखा नावापुरताही मान इथे उरला नाही.

देवगडपाठोपाठ चांदा गेल्यावर वैनगंगेच्या दोन्ही काठांवर नागपूरचा अंमल बसला. आजचे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली हे चारही जिल्हे त्यात येतात.

मधल्या काळात तमिळ मुलखात काय घडले?

देवगडचा प्रश्न मिटतो न मिटतो तोच शाहू महाराजांनी रघुजींना दक्षिणेत पाठवले. अक्कलकोटचे फत्तेसिंह भोसले त्यांच्यासोबत होते. २० मे १७४० रोजी दमलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्त अली लढाईत मारला गेला. त्यानंतर त्रिचनापल्लीला वेढा पडला आणि मार्च १७४१ मध्ये शहर शरण आले. दोस्त अलीचा जावई चंदासाहेब हाती लागला आणि त्याला अनेक वर्षे मराठ्यांच्या कैदेत काढावी लागली.

या मोहिमेने रघुजींचे नाव देशभर झाले. पण ती चालू असतानाच, एप्रिल १७४० मध्ये, थोरले बाजीराव पेशवे वारले. पेशवेपद बाजीरावांच्या मुलाला मिळू नये, बारामतीच्या बाबूजी नाईकांना मिळावे, अशी रघुजींची खटपट होती. ती फसली आणि नानासाहेब पेशवे झाले. दोघांतली ही तेढ पुढे बंगालमध्ये उघड झाली.

बंगालवर स्वारी का केली?

१७४० मध्ये अलिवर्दी खानाने जुन्या नवाबाला लढाईत मारून बंगालची गादी घेतली. बंगाल, बिहार आणि ओरिसा हा तेव्हाचा हिंदुस्थानातला सर्वांत श्रीमंत सुभा. रेशीम, सुती कापड आणि तांदूळ यांचा मोठा व्यापार तिथे चाले. अलिवर्दीने ओरिसातून हुसकावलेल्या पक्षाचा हुशार कारभारी मीर हबीब मदत मागत नागपूरकरांकडे आला. त्याला बंगालच्या वाटा, तिजोऱ्या आणि माणसे ठाऊक होती.

रघुजींनी बंगालच्या चौथाईवर दावा सांगितला. चौथाई म्हणजे मुलखाच्या महसुलाचा चौथा भाग. तो दिला की त्या मुलखाला फौजेचा उपद्रव होणार नाही, असा त्याचा अर्थ. १७१९ मध्ये मोगल बादशहाने शाहू महाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई मान्य केली होती. बंगाल त्यात नव्हता. त्यामुळे इथला दावा सनदेपेक्षा तलवारीवर जास्त उभा होता.

अशी वसुली जगात इतरत्रही झाली आहे. दहाव्या-अकराव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे व्हायकिंग सरदार इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरत आणि परत जाण्याचे पैसे घेत. ९९१ मध्ये इंग्लंडने त्यांना १० हजार पौंड चांदी दिली. पैसे दिले की ते जात, आणि आणखी मागायला परत येत. शेवटी १०१६ मध्ये डॅनिश राजपुत्र क्नूट इंग्लंडचा राजाच झाला. बंगाल-ओरिसात साधारण असेच टप्पे दिसतात : आधी स्वारी, मग ठरलेली रक्कम, शेवटी राज्य.

भास्करपंतांच्या स्वारीत काय घडले?

पहिल्या स्वारीचे नेतृत्व रघुजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, म्हणजेच भास्करपंत, यांच्याकडे होते. नागपूरहून वैनगंगा ओलांडून पूर्वेला छत्तीसगड लागते. १७४१ मध्ये भास्करपंतांनी तिथले रतनपूरचे हैहयवंशी राज्य फारसा प्रतिकार न होता ताब्यात घेतले. बंगालच्या वाटेवरचे हे मोठे ठाणे झाले.

एप्रिल १७४२ मध्ये फौज बर्दवानला पोहोचली आणि अलिवर्दीच तिच्या वेढ्यात सापडला. तो लढत कसाबसा निसटला. मे महिन्यात मीर हबीबने एक तुकडी घेऊन राजधानी मुर्शिदाबादवर झडप घातली आणि जगतशेठ या प्रसिद्ध सावकाराची कोठी लुटली. पावसाळ्याआधी घरी परतण्याचा शिरस्ता मोडून भास्करपंत भागीरथीच्या काठी काटव्याला तळ देऊन राहिले. हुगळीही ताब्यात आली.

सप्टेंबर १७४२ मध्ये तळावर दुर्गापूजेचा उत्सव चालू असताना अलिवर्दीने रात्री नदी ओलांडून हल्ला केला. मराठे बेसावध होते. वर्षअखेरपर्यंत त्यांना ओरिसाच्या चिल्का सरोवरापलीकडे माघार घ्यावी लागली.

याच धास्तीने कलकत्त्याच्या इंग्रज वसाहतीभोवती खंदक खणायला घेतला गेला. तो पूर्ण झाला नाही, पण मराठा डिच हे नाव राहिले. पुढे तो बुजवून त्या मार्गावर सर्क्युलर रोड झाला.

बर्गी हा शब्द कुठून आला?

मराठा फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. स्वतःचा घोडा आणि हत्यार आणणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. बारगीर या शब्दाचेच बंगालमध्ये बर्गी झाले आणि तिथे त्याचा अर्थ लुटारू असा रुजला.

याला कारण आहे. हलके घोडदळ वेगाने येई आणि नवाबाच्या जड फौजेला टाळून गावांवर तुटून पडे. घरे जाळली गेली, पैशांसाठी माणसांचे हाल केले गेले, बायकांवर अत्याचार झाले. विणकर आणि शेतकरी गावे सोडून गंगेपलीकडे पळाले. त्याच काळातल्या गंगाराम या बंगाली कवीने महाराष्ट्र पुराण नावाच्या काव्यात हे वर्णन करून ठेवले आहे. मार खाणाऱ्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही होते. त्यामुळे या स्वाऱ्यांना धर्मयुद्धाचा रंग देणे पुराव्याला धरून होत नाही. फौजेला पैसा हवा होता आणि तो गावांतून काढला गेला, असाच त्याचा सरळ अर्थ निघतो.

पेशवे रघुजींविरुद्ध का उभे राहिले?

१७४३ च्या सुरुवातीला रघुजी स्वतः बंगालमध्ये उतरले. त्याच वेळी बादशहाच्या विनंतीवरून नानासाहेब पेशवेही फौज घेऊन तिथे पोहोचले, तेही अलिवर्दीच्या मदतीला. शाहू महाराजांना चौथाई आणि पेशव्यांना फौजेच्या खर्चापोटी २२ लाख रुपये, असा करार झाला. पेशव्यांनी रघुजींच्या फौजेला बंगालबाहेर रेटले. बंगालच्या लोकांना एकाच वेळी दोन मराठा फौजांचा भार सोसावा लागला.

अखेर शाहू महाराजांनी दोघांना समोरासमोर आणले. ३१ ऑगस्ट १७४३ च्या तडजोडीने वऱ्हाडपासून कटकपर्यंतचा पूर्वेकडचा मुलूख आणि बंगाल रघुजींच्या वाट्याला आला. पेशव्यांनी तिथे पाय घालायचा नाही, असे ठरले. अलिवर्दीने पेशव्यांना दिलेले पैसे वाया गेले.

भास्करपंतांच्या खुनानंतर रघुजींनी काय केले?

१७४४ मध्ये भास्करपंत पुन्हा बंगालमध्ये आले. लढून थकलेल्या अलिवर्दीने तहाच्या बोलणीसाठी त्यांना मुर्शिदाबादजवळ मनकरा येथे बोलावले. ३१ मार्च १७४४ रोजी भेटीच्या तंबूत दडवून ठेवलेल्या सैनिकांनी भास्करपंत आणि त्यांच्यासोबतच्या वीसहून अधिक सरदारांना कापून काढले. फौज नेत्याविना परतली.

रघुजींचा उजवा हात गेला होता. १७४५ मध्ये अलिवर्दीचे अफगाण सरदार त्याच्यावर उलटले. ही संधी साधून रघुजी ओरिसात घुसले आणि त्यांनी कटकचा बाराबती किल्ला घेतला. वर्षअखेरीस ते मुर्शिदाबादच्या वेशीपर्यंत गेले, पण काटव्याजवळ पराभव होऊन मागे फिरले. पुढची मोहीम त्यांचे पुत्र जानोजी आणि मीर हबीब यांनी चालू ठेवली. मोठ्या लढाया बहुधा अलिवर्दीच जिंके. पण मराठे दरवर्षी परत येत आणि त्याचा महसूल बुडत राही.

१७५१ मध्ये वयोवृद्ध अलिवर्दीने तह केला. दरवर्षी १२ लाख रुपये चौथाई नागपूरला द्यायची, ओरिसाचा महसूल मराठा फौजेच्या खर्चाला लावायचा आणि मराठ्यांनी सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही, असे ठरले. पुढच्याच वर्षी मीर हबीब मारला गेला आणि ओरिसा प्रत्यक्षात नागपूरच्या अमलाखाली आला. पुरीच्या जगन्नाथ मंदिराची व्यवस्थाही भोसल्यांच्या देखरेखीखाली आली. हा अंमल १८०३ पर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतक टिकला.

झाडीपट्टीत या राज्याचे काय उरले?

या स्वाऱ्यांचा धागा गोंदिया-भंडाऱ्याच्या वस्तीतही सापडतो. भोसल्यांच्या कटक मोहिमेत चाकरी केल्याबद्दल पोवार समाजातील काही कुटुंबांना वैनगंगेच्या खोऱ्यात पडीक जमिनी मिळाल्याची नोंद ब्रिटिश काळातल्या अहवालांत आहे. पोवारांनी तिथे धानाची शेती वाढवली. भोसल्यांच्या राज्याबरोबर पश्चिमेकडून कुणबी शेतकरीही नागपूरच्या मैदानात मोठ्या संख्येने आले.

जुने सगळे मोडले गेले नाही. तलाव बांधणारे कोहळी आणि डोंगरपट्ट्यातले गोंड जमीनदार या रचनेवरच नवे राज्य उभे राहिले. दरबारात मात्र मराठीचा वापर वाढला आणि गोंड सत्तेचा काळ मागे पडला.

शेवटची वर्षे आणि वारसा

१४ फेब्रुवारी १७५५ रोजी रघुजी नागपुरात वारले. तेव्हा त्यांचा अंमल वऱ्हाडच्या वाट्यापासून ओरिसाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचला होता. मागे जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी हे चार मुलगे होते. वारसाहक्कावरून जानोजी आणि मुधोजी यांच्यात लगेच वाद पेटला आणि तो मिटवायला पेशव्यांना मध्ये पडावे लागले. ज्या पुण्याला रघुजींनी आयुष्यभर आपल्या मुलखापासून दूर ठेवले, त्या पुण्याला नागपूरच्या घरात शिरायची वाट अशी मिळाली.

१८०३ च्या देवगावच्या तहाने ओरिसा इंग्रजांकडे गेला. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर हरले. १८५३ मध्ये तिसरे रघुजी औरस वारस न ठेवता वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. आता परत आलेली तलवार १८१७ नंतरच्या लुटालुटीत किंवा भेटीदाखल देशाबाहेर गेली असावी, असा अंदाज आहे. तिचे सरळ पाते युरोपीय बनावटीचे आहे. त्यावर देवनागरीत सोन्याच्या अक्षरांनी रघुजींचे नाव आणि किताब कोरलेला आहे.

मग त्यांना कसे लक्षात ठेवायचे?

घरातून बाहेर पडावे लागलेल्या तरुणाने २५ वर्षांत मध्य भारतातले सर्वांत मोठे मराठा राज्य उभे केले, ही एक बाजू आहे. नागपूर हे आजचे महत्त्वाचे शहर होण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्याच राज्याच्या फौजेचा खर्च वर्षानुवर्षे बंगालच्या विणकरांनी आणि शेतकऱ्यांनी सोसला, ही दुसरी बाजू. एका ठिकाणचे राज्य दुसऱ्या ठिकाणच्या वसुलीवर उभे होते, त्यामुळे या दोन्ही बाजू वेगळ्या काढता येत नाहीत.

तलवार पाहायला जाणाऱ्याने पात्यावरचे नाव वाचताना राणी रतनकुंवर, नीलकंठ शाह आणि काटव्याजवळची ओस पडलेली गावे यांचीही आठवण ठेवली, तर रघुजी भोसले यांचे चरित्र अपुरे राहणार नाही.